दळणाचा वेबमास्तर

१० जुलै २०२५, गुरुवार. गुरुपौर्णिमा.

आजपासून 'दळण' ही वेबसाइट मी सांभाळणार. निर्णय झाला. म्हणजे माझा झाला. विनोदिनीचा व्हायचा आहे, पण तिचे निर्णय लग्नापासूनच उशिरा होतात.

रेकॉर्डसाठी लिहून ठेवतो. 'दळण' हा आमच्या सौभाग्यवतीने शाळेतून रिटायर झाल्यावर काढलेला उद्योग. कणकुंबीपासून निपाणीपर्यंत हिंडायचं, म्हाताऱ्या बायकांना जात्यावरच्या ओव्या म्हणायला लावायच्या, त्या रेकॉर्ड करून वेबसाइटवर टाकायच्या. साइट बांधून दिली करिष्माने. करिष्मा इथे बेळगावात हॉस्टेलला राहून विनोदिनीच्या हाताखाली शिकली, आता बेंगळुरात सॉफ्टवेअरमध्ये मोठ्या हुद्द्यावर आहे. पोरगी हुशार. पण साइट चालवायला हुशारी नव्हे, अनुभव लागतो. मी छत्तीस वर्षं ऑफिसात इनवर्ड-आउटवर्ड सांभाळलं. फाईल इकडून उचलायची, तिकडे ठेवायची. एफटीपी म्हणून जे काय म्हणतात, ते याहून वेगळं काय आहे? फरक इतकाच, की शिपाई नाही.

आणि हे सगळं मोबाइलवरून. लॅपटॉप घेऊन बसतो तो कारकून. अधिकारी खिशातून काम करतो.

विनोदिनीला सांगितलं. ती म्हणाली, आधी त्यातली एखादी ओवी तरी ऐका. मी म्हटलं, पोस्टमन पत्रं वाचत बसत नाही. यावर ती उठून चहा टाकायला गेली. पटलं असणार.

संकल्प: रोज सकाळी चहाआधी सर्व्हर बघणे.

१३ जुलै, रविवार.

ॲप घेतलं. फुकट आहे. दर दोन मिनिटांनी रमीची जाहिरात येते, तेवढं सोडलं तर उत्तम. डावीकडे माझा फोन, उजवीकडे सर्व्हर. मधे बाण. पोर खेळेल इतकं सोपं.

करिष्माने पासवर्ड दिला. देताना म्हणाली, काका, लॅपटॉपवरनं करा की, मोबाइलवर बोट चुकतंय. मी म्हटलं, हे बोट कधी चुकलेलं नाही. जाड आहे, पण निश्चयी आहे.

चहाआधी सर्व्हर बघायचा राहिला. आधी चहा झाला.

१६ जुलै, बुधवार.

कॅम्पातल्या नेहमीच्या हॉटेलात मारुतीरावांना बातमी दिली. मारुतीराव माझे जुने स्नेही, मिलिटरीतून रिटायर झालेले. त्यांनी विचारलं, तानीबाईंचं रेकॉर्डिंग त्याच साइटवर आहे न्हवं? म्हटलं, आहेच. ते मीच करवून घेतलंय.

हे खरंच आहे. तानीबाई म्हणजे करिष्माची आजी. निपाणीच्या. उभा जन्म तंबाखूच्या वखारीत काढला आणि पहाटे जात्यावर बसून बाबासाहेबांवर ओव्या रचल्या. विनोदिनी म्हणते, असा गळा शंभर वर्षांत होत नाही. त्या रेकॉर्डिंगला मी जातीने हजर होतो. माइक कुठे, तोंड कुठे, श्वास कधी घ्यायचा, सगळं सांगत होतो. बाईंना फार कौतुक वाटलं असावं. दळण थांबवून माझ्याकडे बघत राहिल्या होत्या. अजूनही मी दिसलो की त्यांना हसू फुटतं.

गेल्या शिवरात्रीला त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. आता जो काय आवाज आहे तो साइटवर. म्हणजे माझ्या खिशात. जबाबदारी थोर आहे.

१९ जुलै, शनिवार. दुपारी.

सर्व्हरवर फिरताना धक्का बसला. सगळ्यात मुख्य फाईलचं नाव 'इंडेक्स'. इंग्रजीत! आपण सीमाभागातली माणसं. मराठी पाटीसाठी इथे लोकांनी आयुष्यं घातली. आणि आमच्याच घरच्या साइटच्या दारावर इंग्रजी पाटी? विनोदिनी तीस वर्षं मराठी शिकवत होती, तिच्या लक्षात आलं नाही. दिव्याखाली अंधार.

नाव बदललं. 'अनुक्रमणिका'. एका बोटाने. छाती भरून आली.

२१ जुलै, सोमवार.

कालपासून विनोदिनीचा फोन सारखा वाजतोय. कोल्हापूर, पुणे, मुंबई. एक बाई तर दुबईहून. सगळ्यांचं एकच म्हणणं: साइट उघडंना. मी प्रत्येकाला समजावलं, की पावसामुळे नेटवर्क गेलंय. दुबईच्या बाई म्हणाल्या, इथे पाऊस नाही.

संध्याकाळी करिष्माने बेंगळुरातून काहीतरी केलं आणि साइट उघडली. तिचं म्हणणं, त्या फाईलचं नाव जगभर तेच असतं, बदललं की सर्व्हरला दार सापडत नाही. जगभर चूक असेल तर आपणही करायची का, हा प्रश्न मी विचारला नाही. तात्पुरती माघार.

विनोदिनी आणि करिष्मा बराच वेळ फोनवर बोलत होत्या. दार लावून. माझ्या कामाचा आढावा चालला असावा.

२२ जुलै, मंगळवार.

आढावा चांगला झाला. करिष्माने मला नवं लॉगिन दिलं. स्पेशल, फक्त माझ्यासाठी. जुना पासवर्ड आता चालत नाही, तो साध्या लोकांसाठी होता. साइटची सगळी फाईल-फोल्डरं, सगळ्या ओव्या, एका स्वतंत्र जागी मांडून दिल्यात. त्या जागेचं नाव 'टेस्ट'. क्रिकेटमध्येसुद्धा टेस्ट म्हटलं की वरचा दर्जा. बाकीचं सगळं ट्वेंटी-ट्वेंटी.

ती म्हणाली, काका, इथं तुमाला पायजे ते करा, कुणी काय म्हणायचं न्हाय. इतका विश्वास ऑफिसात कुणी टाकला नव्हता.

३ ऑगस्ट, रविवार.

पहिल्या पानावर माझा फोटो टाकला. लोकांना कळायला हवं, मागे कोण उभं आहे. फोटो आडवा आला. तीन वेळा टाकला, तीनदा आडवा. शेवटी फोन आडवा करून पाहिला, तर फोटो पुन्हा आडवा. असो. बघणारा मान वाकडी करील.

विनोदिनीला दाखवला. तिने मान वाकडी केली, म्हणाली, छान आलाय. आणि भाकरी थापायला निघून गेली. आधीची विनोदिनी अशी नव्हती. आधी ती भांडली असती. माणसं समंजस होतात म्हणायची.

१५ ऑगस्ट, शुक्रवार.

झेंडावंदनाहून आल्यावर माझा लेख चढवला: 'माझी तांत्रिक वाटचाल'. चार भाग. शिवाय भेट देणाऱ्यांचा आकडा दाखवणारं यंत्र बसवलं. मी उघडलं तेव्हा आकडा एक. पुन्हा उघडलं, दोन. दुपारी जेवून बघितलं तर नऊ! लोक तुटून पडलेत.

१८ ऑगस्ट, सोमवार.

मारुतीराव म्हणतात, त्यांच्या फोनवर ना माझा फोटो दिसतो, ना लेख. फक्त ओव्या दिसतात. त्यांचा फोन जुना आहे. म्हटलं, नवा घ्या. त्यांनी कसलीशी ओवी रिंगटोन म्हणून लावलीय. फोन वाजला की आधी माझ्याकडे बघून हसतात आणि मग उचलतात. मिलिटरीतली शिस्त सुटली की माणूस असा होतो.

माझी भाची दिपाली पुण्याहून म्हणाली, तिलाही दिसत नाही. तिचा फोन नवा आहे. फार नवे फोनही कामाचे नाहीत.

आकडा दोनशेच्या वर. मी दिवसातून चाळीस-पन्नास वेळा तपासतो, दर वेळी वाढलेलाच असतो.

२४ ऑगस्ट, रविवार.

गणपतीआधीची साफसफाई. विनोदिनीचा लॅपटॉप फार सावकाश चालत होता. आत बघतो तर सगळ्या ओव्यांच्या मूळ फाईली खचाखच. सर्व्हरवर असताना घरात कशाला? माळ्यावरची अडगळ आणि ही एकच. सगळं पुसलं. लॅपटॉप आता वाऱ्यासारखा चालतो. आत काहीच नाही म्हटल्यावर चालणारच.

तिला सांगितलं. ती मोदकाच्या तांदळाची पिठी चाळत होती. तिची चाळणी थांबली. मग विचारलं, पुसायच्या आधी मला विचारलंत का? म्हटलं, सरप्राइज. मग ती पुन्हा चाळायला लागली. जरा जोरात.

१४ सप्टेंबर, रविवार.

करिष्माचं लग्न ठरलं. मुलगा दीपंकर, वकील, निपाणीचाच. हळद २५ ऑक्टोबरला, लग्न दुसऱ्या दिवशी. ती आणि तिची आई पत्रिका घेऊन आल्या होत्या. करिष्मा विनोदिनीला म्हणाली, बाई, हळदीला डीजे लावायचा न्हाय मला. आजीच्या ओव्या लावायच्या. तुझ्या हळदीला मी गाणार, असं आजी मी बारकी होते तवापासनं म्हणत आलीया. आता ती बोलू शकत न्हाय, तर तिचा आवाज तरी मांडवात पायजे. तिच्या समोर.

हे बोलता बोलता पोरीने डोळे पुसले. विनोदिनीनेही डोळ्यांना पदर लावला. वातावरण जड झालं, म्हणून मी लगेच जाहीर केलं: ध्वनी विभाग माझ्याकडे. काळजीचं कारण नाही. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

संकल्प: हळदीपर्यंत साइटला केसाचाही धक्का लागू न देणे.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी. सकाळी.

आज आयुधपूजा. बाहेर रिक्षा, बस, ट्रक झेंडूने झाकलेत. गल्लीतल्या गिरणीला केळीचे खांब बांधलेत. हत्यारांना आज विश्रांती, आज त्यांची फक्त पूजा करायची. विनोदिनीने विळी, पाटा, शिलाई मशीन मांडलं. आणि तिचा रेकॉर्डर.

मी मोबाइल मांडला. पाटावर, लाल कापडावर. शेजारी चार्जर, तोही सेवेकरीच. विनोदिनी म्हणाली, बंद करून ठेवा. मी म्हटलं, बंद देवाला कोण नमस्कार करतं? ॲप उघडं ठेवलं, सर्व्हरवरची सगळी फोल्डरं समोर, म्हणजे हळद-कुंकू थेट साइटला पोचेल. पाण्याचं प्रोक्षण केलं. कुंकवाचं बोट, अक्षता, मधोमध झेंडू. पेढ्याचा नैवेद्य. अशी पूजा त्या सर्व्हरची जन्मात कुणी केली नसेल. अमेरिकेत कुठेतरी पडलेला असतो बिचारा.

मग काच पुसली. कुंकू ओलं झाल्यामुळे पसरलं, म्हणून ओल्या फडक्याने चांगली घासून पुसली. मधे इंग्रजीत एक प्रश्न वर आला. रमीचीच जाहिरात असणार. तीही पुसली.

दुपारी.

साइट उघडत नाही. सर्व्हरलाही आज सुट्टी असावी. योग्यच आहे.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा.

डावीकडे माझा फोन. उजवीकडे सर्व्हर. उजवीकडे काही नाही.

काही म्हणजे काहीच नाही. फोटो नाही, लेख नाही, आकडा नाही. 'तानीबाई' नावाचं फोल्डर नाही.

खाली-वर सरकवून बघितलं. फोन बंद करून चालू केला. तांदळाच्या डब्यात ठेवला. पूजा करताना मंत्र चुकला का, हे भटजींना फोन करून विचारलं. ते म्हणाले, खंडेनवमीला हत्यार चालवायचं नसतं, तुम्ही चालवलंत काय? फोन ठेवला.

सोनं वाटायला लोक आले. विनोदिनी सगळ्यांना सांगत होती, की हळदीला तानीबाईंचा आवाज लावणार. मी आपट्याची पानं घेऊन दारात उभा. एकाच माणसाला दोनदा सोनं दिलं.

४ ऑक्टोबर, शनिवार.

साइट ज्यांच्या सर्व्हरवर आहे, त्यांच्या हेल्पलाइनला फोन केला. तासभर वाद्य वाजवून झाल्यावर एक मुलगा इंग्रजीत म्हणाला, बॅकअप फक्त ॲडमिनला मिळतो. म्हटलं, मीच ॲडमिन. त्याने तपासून सांगितलं, की मी नाही. म्हटलं, तुमचं रेकॉर्ड चुकीचं आहे. तो म्हणाला, सर, तुमच्या नावावर एकच फोल्डर दिसतंय. म्हटलं, एकच, पण कुठलं ते बघा. तो मधेच हसल्यासारखा वाटला. अशा पोरांच्या हातात देशाचं इंटरनेट आहे.

विनोदिनीला अजून सांगितलेलं नाही. सणासुदीचं कशाला.

७ ऑक्टोबर, मंगळवार.

आज स्वयंपाकघरातून तानीबाईंचा आवाज आला. धावत गेलो. विनोदिनी कांदा चिरत होती आणि तिच्या फोनवर ओव्या चालू होत्या. विचारलं, हे कुठून? म्हणाली, साइटवरनं, आणि कुठनं.

मग उलगडा झाला. कॅश! जुनी पानं फोनच्या पोटात राहून जातात, असं मी वाचलंय. तिला अजून पत्ताच नाही. तिच्या फोनमधला हा शेवटचा श्वास. तिला बजावलं, फोन बंद करू नकोस, काही दाबू नकोस, कांद्याच्या हाताने तर मुळीच नको. ती म्हणाली, अहो, बरं वाटत नाही का?

दाराआड उभा राहून माझ्या फोनवर तो आवाज पकडायचा प्रयत्न केला. नंतर लावून बघितलं. कुकरच्या शिट्ट्या आणि एका माणसाचं धापा टाकणं. तो माणूस मीच.

११ ऑक्टोबर, शनिवार.

निपाणीला जाऊन आलो. विनोदिनीला सांगितलं, सहज. तानीबाई खुर्चीत बसल्या होत्या, अंगावर पांढरं लुगडं, मागे बाबासाहेब आणि बुद्धांची तसबीर. मला बघून त्या अर्ध्या तोंडाने हसल्या. नेहमीसारख्या. मी जवळ बसलो. म्हटलं, बाई, एखादी ओळ, नुसतं गुणगुणलात तरी चालेल. त्यांनी प्रयत्न केला. खरंच केला. घशातून नुसता वारा आला. मग त्यांनी डाव्या हाताने माझ्या हातावर थोपटलं, जणू मलाच बरं नाही.

करिष्माच्या आईने पोहे दिले. बशी तशीच परत केली. एसटीत बसून बराच वेळ मोबाइलकडे बघितलंसुद्धा नाही.

हे माझ्यामुळे झालं आहे, असं मी म्हणणार नाही. पण माझ्या फोनमुळे झालं आहे.

१६ ऑक्टोबर, गुरुवार.

उपाय सापडला. उपाय माझ्याचकडे सापडतात.

गल्लीतल्या गिरणीवाल्या गुणाबाई. वय तेच, गळाही खडा. जात्यावरच्या ओव्या येतात का विचारलं, तर म्हणाल्या, अय्यो, न येऊन काय? जातं नाही, पण जातं म्हणजे तरी काय? गिरणी त्याचीच नात. गिरणी चालू केली, मोबाइल पिठाच्या डब्यावर ठेवला, म्हटलं, म्हणा. गुणाबाईंनी आधी मला गव्हाच्या पोत्यावरून पाय काढायला लावला, मग सुरू झाल्या. छान चाललं होतं. पण त्यांचं माहेर बैलहोंगलकडचं, तिसऱ्या ओवीला त्या कन्नडमध्ये शिरल्या आणि मग परत काही आल्या नाहीत. थांबवायला गेलो, तर डोळे मिटलेले, तंद्री लागलेली. माझ्या डोक्यावर इंचभर पीठ.

मराठी असलेला भाग कापून घ्यायला बसलो. कापता कापता मराठीच कापलं गेलं. असो. हळदीच्या गडबडीत शब्द कोण ऐकतं? भावना पोचते. पेनड्राइव्हवर घेतलं. फाईलला नाव दिलं: 'तानीबाई, मूळ'.

२१ ऑक्टोबर, मंगळवार. दिवाळी.

चकली मोडली. हीसुद्धा.

२७ ऑक्टोबर, सोमवार.

परवाची हळद. लिहावंसं वाटत नव्हतं. पण रोजनिशी आहे. लिहितो.

मांडव निपाणीला, करिष्माच्या घरासमोरच. करिष्मा पाटावर, शेजारी खुर्चीत तानीबाई. सगळ्या बायका हळद घेऊन उभ्या. मी स्पीकरवाल्या ओमकारच्या हातात पेनड्राइव्ह दिला आणि म्हटलं, ध्वनी विभागाकडून.

आधी गिरणीचा पट्टा धाडधाड वाजला. जनरेटर गेला म्हणून दोघं उठून पळाले. मग गुणाबाई. कन्नडमध्ये. करिष्माची आत्या म्हणाली, बाई लई ग्वाड म्हणतीया, पर ही हाय कोण? तानीबाईंनी मान कलती केली. स्पीकरकडे बघितलं. मग माझ्याकडे. हसल्या नाहीत.

मला राहवलं नाही. ओमकारकडून माइक घेतला. जाहीर केलं, की अपरिहार्य तांत्रिक कारणांमुळे, अमेरिकेतल्या सर्व्हरवर झालेल्या बिघाडामुळे, देशभरातल्या अनेक साइटींप्रमाणे आपली 'दळण'ही... आणि इथे तानीबाई समोर दिसल्या आणि पुढचं वाक्य सापडेना. एवढंच म्हणालो, की आवाज गेला. सगळा गेला. परत येत नाही.

 करिष्माने विचारलं, काका, काय गेलं? म्हटलं, सगळं. कुंकवाने.  तिने पदराला हळदीचे हात पुसले, आईकडून स्वतःचा फोन मागून घेतला, ओमकारला वायर लावायला सांगितली आणि एकदाच बोट दाबलं.

जात्याची घरघर आली. खरं जातं. मग तानीबाई.

मी आजवर ऐकलंच नव्हतं. रेकॉर्डिंगला समोर बसलो होतो तेव्हाही नाही. तेव्हा मी बोलत होतो. असा आवाज असतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी.

तानीबाईंचा डावा हात खुर्चीच्या दांडीवर फिरायला लागला. गोल. जात्याचा खुंटा धरल्यासारखा. ओठही हलत होते. करिष्माने आजीच्या मांडीवर डोकं ठेवलं, आणि बायका रडत रडतच हळद लावायला लागल्या. मला काय झालं ते लिहीत नाही. डोळ्यात हळद गेली होती.

तिथेच संपायला हवं होतं.

तिसऱ्या ओवीनंतर रेकॉर्डिंगमध्ये एक पुरुष बोलायला लागला. बाई, माइककडे तोंड करा. बाई, श्वास आधी घ्या. बाई, तुमची चाल जरा उडती पाहिजे. थांबेचना. मांडवात खसखस पिकली. मलाही हसू आलं. शेजारच्या आत्याला म्हटलंसुद्धा, की कोण हा गाढव, सोन्यासारख्या गाण्यात तोंड घालतोय. आत्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

मग रेकॉर्डिंगमधलं जातं थांबलं.  आणि तानीबाईंनी तिथल्या तिथे एक ओवी रचून म्हटली. मांडव कोसळला. पोटं धरून लोक खाली बसले. खुर्चीतल्या तानीबाई अर्ध्या तोंडाने इतक्या हसल्या, की त्यांना पाणी द्यावं लागलं. ती ओवी इथे लिहीत नाही.

जेवताना करिष्मा जवळ येऊन बसली. फार हळू बोलली. काका, खरी साइट जुलैपासनं तुमच्याकडं न्हवतीच. 'टेस्ट' म्हणजे सरावाची जागा, खऱ्याची नक्कल. जगात ती कुणाला दिसत न्हाय, फक्त तुमच्या फोनला. बाईच म्हणाल्या होत्या, त्यांना एक अंगण दे खेळायला, म्हणजे घर शाबूत राहील. लॅपटॉपवरच्या फाईलीसुद्धा त्यांनी आधीच माझ्याकडं धाडल्या होत्या.

मी आकड्याचं विचारलं. दोन हजारांवर गेला होता. ती म्हणाली, काका, ते सगळे तुम्हीच.

जिलेबी चांगली होती.

२९ ऑक्टोबर, बुधवार.

आज खरी साइट उघडली. साध्या लोकांसारखी. काही चढवलं नाही, काही पुसलं नाही. दिवसभर ऐकलं. नंदगडच्या, खानापूरच्या, निपाणीच्या बायका. विनोदिनी मधेच चहा ठेवून गेली. काही बोलली नाही. मीही नाही. ही आमच्यात नवीन गोष्ट आहे.

सगळ्यात जास्त ऐकलेलं रेकॉर्डिंग तेच. मारुतीरावांची रिंगटोन तीच. आता लपवण्यात अर्थ नाही, लिहूनच टाकतो:

दाण्याबिगर माझं, जातं दगडाचं फिरंना
पावण्याचं त्वांड बाई, रिकामं फिरतंय, थांबंना

वजनदार ओवी आहे. बांधणी उत्तम. मी नसतो, तर ती रचली गेली नसती, हा मुद्दा कुणी लक्षात घेत नाही.

खाली माहिती दिलीय. 'आवाज: तानीबाई, निपाणी. मधला पुरुष आवाज: अनोळखी.'

अनोळखी! जगभर गाजलेल्या ओवीचा विषय मी, आणि नावाचा पत्ता नाही. ताबडतोब ॲप उघडलं. नाव घालायला गेलो. परवानगी नाही, असं आलं. पुन्हा दाबलं. परवानगी नाही. मग रमीची जाहिरात.

विनोदिनीला जाब विचारला. ती म्हणाली, मुद्दामच नाही घातलं. दोन वर्षं लोक विचारतायत, हा कोण म्हणून, कुणाला सांगितलं नाही. पण तुमची इच्छा असेल, तर करिष्माला आत्ता फोन करते. पूर्ण नाव, आडनावासकट, टिळकवाडी, बेळगाव. घालायचं का?

तिच्या हातात फोन होता. बोट नंबरावर होतं.

तूर्तास नको, म्हटलं.